थायरॉईडचा थकवा असताना वसंतासाठी गच्चीवरची बाग तयार करावी का, आणि कशी?

हायपोथायरॉईडचे, म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी काम करत असल्याचे, निदान होऊन आठ महिने झाले, गोळी चालू आहे, तरीही अंगात त्राण नाही आणि गच्चीवरच्या तीस रिकाम्या कुंड्या पाहून अपराधी वाटते, असे आपण लिहिले आहे. मी पुण्यात राहते. मला हाशिमोटो प्रकारचा हायपोथायरॉईड आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणाच थायरॉईड ग्रंथीवर उलटलेली आहे, आणि गेली नऊ वर्षे मी रोज लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडणारे थायरॉईड संप्रेरक भरून काढणारी, गोळी घेते. बाग अवश्य लावावी, पण तीस कुंड्यांची नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. गोळीच्या मात्रेविषयी मात्र निर्णय डॉक्टरांचाच. मी येथे केवळ रुग्ण आणि बागवाली म्हणून लिहीत आहे.

निदानानंतरच्या पहिल्या वसंतात मी जी चूक केली, ती आधी सांगते. गोळी सुरू झाल्याने आता आपण बरे झालो, अशा समजुतीने एका रविवारी मी सगळ्या कुंड्या उलट्या केल्या, माती चाळली, खत मिसळले आणि पुन्हा भरल्या. पुढचे तीन दिवस मला जिना चढवेना. त्याहून मोठी चूक अशी की, उन्हाच्या आत गच्चीवर पोहोचण्याच्या घाईत मी उठल्याबरोबर गोळी आणि दुधाचा चहा एकदमच घेऊ लागले होते आणि नाश्त्यानंतर लगेच कॅल्शियमची गोळीही घेत होते. दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉईड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) खाली येण्याऐवजी वर गेलेले दिसले. ही गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर आणि खाण्यापिण्याच्या निदान अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, तर कॅल्शियम आणि लोह यांच्यापासून तिला चार तासांचे अंतर लागते. नाहीतर ती आतड्यातून नीट शोषली जात नाही. डॉक्टरांनी हे सांगितले होते, पण बागेच्या नादात ते माझ्याकडून सुटले.

तेव्हापासून गोळी आणि चहा यांच्यामधला जो सक्तीचा तास असतो, तोच मी बागेचा तास ठरवला. गोळी घ्यायची, गच्चीवर जायचे, आणि तास संपला की हातातले काम अर्धे असले तरी खाली येऊन चहा टाकायचा. चहाची तलफ हेच माझे घड्याळ. त्यामुळे गोळीची वेळ पाळली जाते आणि कामालाही आपोआप मर्यादा पडते. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि या आजारात थंडी जरा जास्तच झोंबते, म्हणून त्या महिन्यात गोळीही साडेसहाला घेते. एप्रिलमध्ये हीच वेळ पाऊण तास अलीकडे येते. ज्या दिवशी उठवतच नाही, त्या दिवशी गोळी घेऊन पुन्हा पडून राहते आणि बागेला सुट्टी देते. अशा सुट्टीने न बिघडणारी बाग आखणे, हीच खरी तयारी आहे.

या आखणीत सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे माती. वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली तर तिचे वजन तीस किलोच्या आसपास जाते, आणि स्नायू दुखत असताना असे वजन उचलणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे होय. म्हणून मी माती जिन्यावरून वर नेणेच बंद केले. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पाच किलोची वीट वर नेऊन तेथेच टबात भिजवली की फुगून साठ लिटरहून अधिक होते. जुनी माती, कोकोपीट आणि शेणखत किंवा गांडूळखत समप्रमाणात घ्यायचे आणि त्यात मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळायची. कुंडी जागच्या जागी ठेवून तिच्यातली वरची अर्धी माती छोट्या तसराळ्याने काढायची आणि हे मिश्रण भरायचे. पूर्ण कुंडी उलटी करण्याची दरवर्षी गरज नसते. एका सकाळी दोन कुंड्या, त्याहून जास्त नाहीत. शिशिराची पानगळ याच सुमारास होत असल्याने सोसायटीच्या आवारातला पालापाचोळा पोत्याने मिळतो. कुंडीत त्याचा चार बोटे जाड थर आच्छादन म्हणून दिला की मार्चच्या उन्हातही ओल टिकते आणि एखाद्या दिवशी पाणी चुकले तरी रोपे माना टाकत नाहीत. माझ्या दृष्टीने पालापाचोळा हे थायरॉईडच्या रुग्णाचे सर्वांत मोलाचे बागकामाचे साहित्य आहे, आणि ते फुकट आहे.

काय लावावे? उन्हाळी भेंडी, गवार आणि चवळी यांची पेरणी आपल्याकडे संक्रांतीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चालते. भेंडीचे बी रात्रभर भिजवून सरळ कुंडीतच टोचावे. रोपे करा, ती उपटून पुन्हा लावा, हा खटाटोप वाचतो. राजगिरा आणि अंबाडी फारशी निगा मागत नाहीत. दोडका-काकडीचे वेल मात्र मांडव, रोजचे पाणी आणि नर-मादी फुलांवर लक्ष हे सगळेच मागतात, म्हणून पहिल्या वर्षी एखादाच वेल लावावा. टोमॅटो यंदा सोडून द्या.

भेंडीची पहिली तोडणी पेरल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवसांनी होते. गोळीची मात्रा बदलल्यावर टीएसएच पुन्हा तपासतात, तेही सहा ते आठ आठवड्यांनीच, कारण हे औषध रक्तात सावकाश स्थिरावते. तेव्हा आता आठ-दहा कुंड्याच भरा आणि बाग वाढवायची की नाही, हे पुढचा अहवाल हातात आल्यावर ठरवा. अहवाल ठीक येऊनही थकवा हटत नसेल, तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांविषयी डॉक्टरांना जरूर विचारा; माझ्या बाबतीत अर्धा थकवा बी-१२चा निघाला होता. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर तेही तपासणीपूर्वी सांगा, कारण त्यामुळे थायरॉईडच्या चाचणीचे आकडे फसवे येऊ शकतात.

हातांना मुंग्या येतात, असेही आपण ओझरते लिहिले आहे. थायरॉईड कमी असताना मनगटातली नस दाबली जाण्याचा त्रास अनेकांना होतो, आणि छाटणीच्या कात्रीने तो वाढतो. मी खुरप्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली आहे आणि पाण्यासाठी जड झारीऐवजी नळी वापरते. मुंग्या रात्री झोपमोड करू लागल्या, तर मात्र खुरपे बाजूला ठेवून दवाखान्यात जावे.

आणखी एक सावधगिरी मार्चनंतरची. छातीत धडधड, हात थरथरणे, सोसवत नाही इतका उकाडा, असे काही जाणवले तर ते सरसकट उन्हावर ढकलू नका. गोळीची मात्रा जास्त झाली तरी हीच लक्षणे दिसतात. माझ्या एका एप्रिलमध्ये तसेच झाले होते, आणि मी महिनाभर कोकम सरबत पीत बसले. गोळ्यांची बाटली गच्चीवरच्या पत्र्याच्या कपाटात, बियांच्या डब्याशेजारी ठेवण्याचा मोहही टाळा. उष्णता आणि दमट हवा यांनी हे औषध खराब होते.

राहिला आपल्या पत्रातला तीन झाडांचा मोगरा. त्याची छाटणी संक्रांतीनंतर लगेच करायची असते आणि ती चुकवू नये, कारण नव्या फुटीवरच कळ्या येतात. पण तीनही झाडे एकाच सकाळी छाटण्याची गरज नाही. रोज एक झाड छाटा, जुनी पाने खुडा, बुंध्याशी ओंजळभर शेणखत द्या आणि त्या दिवशी दुसरे काही करू नका.