स्टोमाजवळची गाठ: झोपल्यावर जाते की तशीच राहते?

ताई, तुमच्या बाबांची हकीकत वाचली. ऑपरेशनला चार महिने झालेत, उभं राहिलं की स्टोमाच्या, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, बाजूला लिंबाएवढा फुगवटा येतो, स्टोमाच्या कडेला दोन लाल दाणे आहेत, पुसताना रक्त लागतं आणि मळ गोळा करायला लावलेल्या बॅगेखाली खाज सुटते. शेवटी तुम्ही विचारलंय, "कॅन्सर परत आला तर नसेल ना?" हा प्रश्न आमच्या घरातही होता, पण कोणी तोंडाने विचारला नाही. बायको संध्याकाळी दिवा लावून देवासमोर जरा जास्त वेळ बसायची, एवढंच.

माझी कोलोस्टोमी, म्हणजे मोठ्या आतड्याचा स्टोमा, कायमची. गुदाशयाचा कॅन्सर होता, सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत माझ्याही पोटावर "गाठी" आल्या आणि दर वेळी कारण निराळं निघालं. म्हणून आधी एक करा. बॅग रिकामी करून बाबांना दहा मिनिटं उताणं झोपवा आणि फुगवटा बसतो का बघा. मग उभं करून, त्यावर हलका हात ठेवून खोकायला सांगा. झोपल्यावर बसत असेल आणि खोकताना हाताला धक्का लागत असेल तर बहुतेक हर्निया. आतडं बाहेर काढायला पोटाच्या स्नायूला भोक पाडलेलं असतं, तिथली भिंत कच्चीच राहते. त्या वाटेने आतली चरबी नाहीतर आतड्याचा वेढा पुढे येतो. वर्षभरात साधारण तिघांत एकाला हे होतं, त्यामुळे बाबांकडूनच काही चुकलं असं घरात कोणी म्हणू नये.

माझ्याकडून मात्र चुकलं होतं. चवथीच्या आदल्या दिवशी नेवऱ्या तळताना गॅस संपला. मुलगा बाजारात. मीच भरलेला सिलिंडर ओसरीवरून आत ओढला. आत गॅस 14.2 किलो आणि टाकी धरून जवळपास तीस. ऑपरेशन होऊन तेव्हा तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. त्याच रात्री आंघोळीच्या वेळी फुगवटा दिसला. डॉक्टर म्हणाले, एका ओझ्यानेच झालं असं सांगता येत नाही. मी मात्र त्या सिलिंडरलाच धरून बसलोय.

अशा हर्नियाचं ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही. नुसते टाके घालून बंद केला तर पुन्हा येण्याची शक्यता बरीच, म्हणून बहुतेक वेळा जाळी बसवतात. पण दुखत नसेल, बॅग नीट चिकटत असेल, शौच होत असेल तर पोटाला बांधायच्या आधाराच्या पट्ट्यावर निभावतं. माझं निभावलंय. पट्टा मात्र मापाचा हवा. मी पहिला घेतला तेव्हा दुकानदाराने पँटची कंबर विचारून दिला. त्याची कड बरोबर स्टोमावर यायची. स्टोमाला दुखणं कळत नाही, तिथे वेदनेच्या नसाच नसतात, त्यामुळे घासून रक्त आलं तेव्हा समजलं. माप हर्नियावरून घ्यायचं. आणि पट्टा सकाळी उठायच्या आधी, झोपलेल्या अवस्थेतच बांधायचा. उभं राहून बांधला तर बाहेर आलेलं आतडं बाहेरच दाबलं जातं. मला हे वर्षभराने कळलं. उठताना सरळ उठून बसू नका, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. खोकला किंवा शिंक आली की फुगवट्यावर तळहात. कुंथणं बंद. उकड्या तांदळाची पेज, पुरेसं पाणी, आणि तरीही घट्ट झालं तर डॉक्टरला विचारून औषध. पावसातली अळमी (रानातले मशरूम) आणि खोबऱ्याचे तुकडे बारीक चावून खा, न चावलेले अडकू शकतात.

(आरतीला मी पूर्वी घुमट वाजवायचो. घुमट डाव्या कुशीत, आणि माझी बॅगही तिथेच. पहिल्या वर्षी हट्टाने घेतलं तर "सुखकर्ता" संपेस्तोवर बॅग सुटली. आता कासाळें (झांजा) वाजवतो.)

आता ते लाल दाणे. ओले, मिरीएवढे, हात लागला की रक्त येणारे, कातडी आणि स्टोमा जुळतो त्या कडेवर. तसे असतील तर बहुतेक ग्रॅन्युलोमा म्हणतात ते. टाक्याचा दोरा राहिला तर होतात किंवा बॅगेचं भोक, ज्यातून स्टोमा बॅगेत जातो ते, सतत घासलं तर होतात. माझे दुसऱ्या कारणाने झाले. गळू नये म्हणून मी भोक अगदी घट्ट कापायचो. गळायचं तर थांबलंच नाही, वर दाणे आले. डॉक्टरांनी सिल्व्हर नायट्रेटची काडी लावली, दोन-तीन खेपांत गेले. ती काडी घरी लावायची नसते.

बाबांची बॅग कोणत्या मापाने कापता? हॉस्पिटलातून निघताना लिहून दिलेल्याच मापाने कापत असाल तर चूक तिथेच असू शकते. स्टोमा सुरुवातीला सुजलेला असतो, सहा ते आठ आठवड्यांत आक्रसतो. बॅगेबरोबर गोल भोकांचं मापाचं कार्ड येतं. ते लावून पुन्हा मोजा आणि स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं कापा, जास्त नको. कापल्यावर कडेवरून बोट फिरवा, खरखरीत लागली तर बोटानेच घासून गुळगुळीत करा. भोक मोठं राहिलं तर उघड्या कातडीवर मळ बसतो, कातडी सोलवटते, आणि महिनोन् महिने ओली राहिली तर तिथे चामखिळीसारखे जाड उंचवटे येतात. लोक त्यालाही गाठच म्हणतात. हर्निया असेल तर माप उभ्यानेही बघा, फुगवट्याने स्टोमाचा आकार बदलतो.

खाजेचं कारण आपल्याकडे बहुधा पावसाळा. लाल चट्टा आणि त्याच्या कडेबाहेर सुटे सुटे बारीक ठिपके असतील तर बुरशी. त्यावर डॉक्टर पावडर देतात, मलम दिलं तर बॅग चिकटत नाही. खोबरेल तर अजिबात नको. आपल्याकडे भाजलं, खरचटलं, सुजलं, सगळ्याला खोबरेल, पण तेलकट कातडीवर बॅग दुपारपर्यंतही टिकत नाही. डेटॉल नको, वासाचा साबण नको. साधं पाणी, मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडं. केसांच्या मुळाशी पुरळ असेल तर वस्तऱ्याने ओरबाडू नका, कात्रीने बारीक करा. आणि बॅगांचा डबा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात त्यातला चिकट थर विरघळून माझे पाच नग वाया गेले.

फुगवटा कडक होऊन झोपल्यावरही बसत नसेल, जोरात दुखत असेल, उलट्या होत असतील, बॅगेत वारा किंवा मळ येणं थांबलं असेल, स्टोमा जांभळा-काळा पडला असेल, तर तास-दोन तास वाट बघत बसू नका. थेट इमर्जन्सीत न्या, रात्र असली तरी. गरम, लाल, दुखरी गाठ आणि अंगात ताप असेल तर पू असू शकतो, तेही त्याच दिवशी दाखवा.

कॅन्सरचं म्हणाल तर स्टोमाच्या जागी तो परत येणं क्वचित. पण एखादी गाठ टणक असेल, जागची हलत नसेल, वाढत असेल, तर तपासणीशिवाय कोणीच "काही नाही" म्हणू नये, मीही नाही. तुमचं वर्णन मला तसं वाटत नाही. तरी पुढच्या तपासणीची तारीख महिनाभर लांब असेल तर थांबू नका, याच आठवड्यात ऑपरेशन केलेल्या सर्जनला दाखवा. झोपलेला एक आणि उभ्याचा एक असे दोन फोटो मोबाइलवर काढून न्या, कारण टेबलावर झोपवलं की फुगवटा गायब होतो आणि डॉक्टर म्हणतात, कुठे आहे? उभं करून बघायला सांगा. आणि जाताना भोक कापून तयार ठेवलेली एक जादा बॅग सोबत असू द्या. बघायला तिथे लावलेली काढावी लागते.