वाचकांचे प्रश्न : दूरचे एफएम

दूरची एफएम स्टेशने पकडण्याच्या छंदाबद्दल इंदूर, देवास आणि महूच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठून रेडिओ लावला की १०३.५ वर भोपाळची विविध भारती स्वच्छ ऐकू येते. साडेआठ-नऊ वाजले की तिथे फक्त खरखर. सेट तापला की बिघडतो का? (रामबाग, इंदूर)

सेट ठीक आहे. बदलते ती वरची हवा.

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. कुठवर पोहोचतील याचा अंदाज एका सोप्या हिशेबाने येतो. टॉवरची आणि तुमच्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळे काढा, त्यांची बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. टॉवर १०० मीटर आणि गच्चीवरचा अँटेना १० मीटर धरला तर साधारण ५४ किलोमीटर. म्हणजे देवास सहज, उज्जैन काठावर. भोपाळ सरळ रेषेत १७० किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा रोजच्या हवेत ते नीट लागायला नको.

पण थंडीत आकाश निरभ्र असले की पठाराची जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकते. जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. एरवी वर जावे तसे गार होत जाते, इथे उलटे घडते. या उलट्या थराच्या हद्दीवर लहरी खाली वाकतात आणि पृथ्वीच्या गोलाईबरोबर पुढे सरकत राहतात. ‘शब-ए-मालवा’ म्हणून इथल्या ज्या गार, स्वच्छ रात्रीचे कौतुक होते, तीच रात्र या छंदालाही मानवते. ऊन चढले की थर मोडतो आणि भोपाळ नाहीसे होते. वारा सुटलेल्या किंवा ढगाळ रात्री थर नीट बसत नाही, म्हणून अशा रात्रीनंतरच्या पहाटे फारशी आशा ठेवू नका. वारा पडलेला, रात्र निरभ्र आणि पहाटे धुके, असा योग आला की साडेपाच ते आठ या वेळात पूर्ण बँड एकदा सावकाश फिरवा.

आणखी एक. भोपाळ शोधताना ९८.३ आणि ९४.३ वर वेळ घालवू नका. या दोन्ही जागी इंदूर आणि भोपाळ दोन्हीकडे स्टेशने आहेत. एफएमचा रिसीव्हर जे जोरात असेल तेवढेच धरतो आणि कमजोर स्टेशन पूर्ण दाबून टाकतो. मीडियम वेव्हवर मागे दुसरे स्टेशन कुजबुजते, तसे इथे होत नाही. म्हणून आपल्या गावच्या स्टेशनांची यादी करा आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागांवर थांबा.

१०२.३ वर मला एक ‘दूरचे’ स्टेशन रोज मिळते. आवाज फाटका आहे, पण दिवसरात्र येतो. कधी एक कार्यक्रम, कधी दुसरा. कुठले असेल? (परदेशीपुरा, इंदूर)

बहुधा कुठलेच नाही. ९८.३ ची दुप्पट १९६.६, त्यातून ९४.३ वजा केले की १०२.३ उरतात. तुमच्या घराजवळ ही दोन्ही स्टेशने इतकी जोरात आहेत की सेटच्या पहिल्याच टप्प्यात ती एकमेकांत मिसळतात आणि हवेत नसलेले तिसरे स्टेशन तयार होते. याच जोडीचे दुसरे भूत ९०.३ वर सापडेल. पाहून घ्या.

खात्री करायला अँटेना आणि सेटच्या मध्ये दहा डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नलचा जोर कमी करणारा भाग, लावा (डेसिबल हे त्या जोराचे माप). केबल टीव्हीवाल्यांकडे छोट्या नळीसारखा मिळतो, दोन टोकांना एफ कनेक्टर असतात. खरे स्टेशन असेल तर दहा डेसिबलनेच उतरेल, थोडे खरखरीत होऊन राहील. भूत असेल तर तीस डेसिबलने उतरते, म्हणजे गायबच होते. अ‍ॅटेन्युएटर नसेल तर अँटेनाची दांडी पूर्ण मिटवून पाहा, तीही तात्पुरत्या अ‍ॅटेन्युएटरचे काम करते.

जुन्या सेटवर दुसराही एक भास होतो. त्यांत प्रत्येक स्टेशन आधी १०.७ मेगाहर्ट्झच्या एका ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणले जाते, त्यामुळे डायलच्या आकड्याहून त्याच्या दुपटीने, म्हणजे २१.४ ने वरचे काहीतरी आत शिरू शकते. ९७ च्या आसपास विमानतळ आणि वैमानिक यांचे तुटक बोलणे ऐकू आले तर ते प्रत्यक्षात ११८.४ च्या आसपास असते. नोंदवहीत त्याला ‘स्टेशन’ म्हणून जागा देऊ नका.

गच्चीवर दूरदर्शनच्या काळातला जुना अँटेना अजून उभा आहे. त्याचा उपयोग होईल का? (लोकमान्य नगर, इंदूर)

आधी नळ्या मोजा. मधली नळी सव्वादोन मीटरच्या आसपास असेल तर तो खालच्या टीव्ही बँडचा अँटेना आहे आणि उत्तम माल आहे. पाऊण मीटरच्या आसपास असेल तर वरच्या बँडचा; त्याच्या नळ्या एफएमला अपुऱ्या पडतात, फक्त खांब आणि क्लॅम्प वापरता येतील.

लांब नळ्यांपासून तीन दांड्यांचा एफएम अँटेना असा करा. मागची दांडी १.६० मीटर. मधली, जिला केबल जोडायची ती, एकूण १.४४ मीटर, ती मध्ये कापून ७१-७१ सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या आणि त्यांच्यात २ सेंटिमीटर फट ठेवा. पुढची दांडी १.२८ मीटर. मागची ते मधली अंतर ६० सेंटिमीटर, मधली ते पुढची ४५. मागची आणि पुढची दांडी आडव्या नळीला अगदी मध्यावर धातूने टेकली तरी चालते, कारण मध्यावर व्होल्टेज शून्य असते. मधल्या दांडीचे दोन्ही तुकडे मात्र आडव्या नळीपासून आणि एकमेकांपासून वेगळे हवेत. त्यासाठी नायलॉनचा किंवा जाड पीव्हीसीचा तुकडा वापरा. लाकूड पावसात ओलावते, ते नको.

पुढची दांडी मुद्दाम आखूड आहे. ती लांब राहिली तर बँडच्या वरच्या टोकाला अँटेना एकदम बिघडतो, उलट आखूड राहिली तर खालच्या टोकाला थोडीच झळ बसते. काही जण ‘सगळ्या दांड्या ९८ ला बरोबर’ कापतात आणि मग १०५ वर काहीच येत नाही म्हणतात, त्याचे कारण हे.

केबल डिशचीच, आरजी-६. मधली तार एका तुकड्याला, जाळी दुसऱ्याला. स्टीलचे स्क्रू आणि रिंग टर्मिनल वापरा. तांब्याची तार थेट अ‍ॅल्युमिनिअमला पिळली तर एका पावसाळ्यात जोड पांढरा पडून खरखर करू लागतो. जोडापाशीच केबलचे १५ सेंटिमीटर व्यासाचे सहा वेढे करून बांधा, म्हणजे केबलची जाळी स्वतःच अँटेना बनून घरातला कचरा गोळा करणार नाही. सगळा जोड सिलिकॉनने बंद करा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून गळून जाईल.

दांड्या आधी आडव्या ठेवा. घरातला आणि रस्त्यावरचा गोंगाट उभ्या अँटेनात जास्त येतो. एखाद्या स्टेशनासाठी उभे करून पाहायला हरकत नाही.

अँटेना फिरवण्याबद्दल आमचे मत जरा वेगळे आहे. सगळे जण तो दूरच्या स्टेशनाकडे रोखतात. शहरात राहणाऱ्याने आधी जवळच्या टॉवरचा विचार करावा. दांड्यांची टोके ज्या दिशेला असतात तिकडचे सर्वांत कमी ऐकू येते, म्हणून टोके स्थानिक टॉवरकडे करा. दूरच्या स्टेशनाचा जोर थोडा कमी झाला तरी चालतो, कारण गोंगाट त्याहून खूप जास्त कमी होतो.

बूस्टर लावावा का? (देवास)

वीस मीटर आरजी-६ मध्ये १०० मेगाहर्ट्झला जेमतेम सव्वा-दीड डेसिबल वाया जातात. तेवढ्यासाठी बूस्टर नको. शहरात तो वर सांगितलेली भुते वाढवतो. टॉवरपासून लांब, खेड्यात असाल आणि केबल ५० मीटरच्या वर असेल, तरच लावा. तोही खांबावर, अँटेनाजवळ लावा. खाली सेटजवळ लावला तर केबलमध्ये गमावलेले परत मिळत नाही, खरखरही तितकीच मोठी होते.

सेट कोणता घ्यावा? कॉलेजात आहे, फार खर्च करता येत नाही. (सुदामा नगर, इंदूर)

पहिला पैसा अँटेनावर घाला. मग सेट. तुमच्याच वयाचे बरेच जण उलट करतात.

टीईएफ ६६८६ चिपवरचे छोटे सेट या कामासाठी आज सर्वांत चांगले, कारण त्यांत बँडविड्थ, म्हणजे सेट एका वेळी किती रुंद पट्टा आत घेतो ते, ५६ ते ३११ किलोहर्ट्झमध्ये हाताने ठरवता येते. शेजारच्या ०.२ वर जोरदार स्टेशन असेल तेव्हा बँडविड्थ शंभरच्या खाली आणा. आवाज थोडा घोगरा होतो, पण मागचे स्टेशन उघडे पडते. संगणकाला लावायची आरटीएल-एसडीआर ही यूएसबी कांडी स्वस्त आहे आणि एकाच वेळी २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा डोळ्यांनी दाखवते. शिकायला छान, पण ती आठ बिटची असल्याने टॉवरजवळ लगेच गुदमरते. तिचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, आपोआपवर ठेवू नका, हाताने कमी करत जा. भंगारातला मोटारीचा रेडिओ मिळाला तर तोही सोडू नका. १२ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मरवाला पुरवठा द्या, मोबाइल चार्जरच्या जातीचा नको.

घरात जुना टू-इन-वन असेल तर त्यात तीन पायांचे १०.७ चे सिरॅमिक फिल्टर असतात, बहुधा २८० किलोहर्ट्झचे. ते काढून १५० चे लावले की शेजारचा त्रास पुष्कळ कमी होतो. दोन असतील तर दोन्ही एकाच रंगाच्या ठिपक्याचे लावा. ठिपका त्या फिल्टरच्या पट्ट्याच्या मध्यावरची नेमकी फ्रिक्वेन्सी सांगतो आणि दोघांची जुळली नाही तर आवाज फाटतो.

सेट कोणताही असो, स्टिरिओ बंद करून मोनो करा. कमजोर स्टेशन तेवढ्यानेही कळण्याजोगे होते.

भाऊ नोकरीनिमित्त पोरबंदरला आहे. मे महिन्यात त्याला रात्री तासन् तास अरबी स्टेशने लागतात. आम्हाला इंदुरात का नाहीत? (राजेंद्र नगर, इंदूर)

पावसाळ्यापूर्वी अरबी समुद्रावर दमट हवेचा पातळ थर आणि त्यावर कोरडी गरम हवा असते. त्या दोघांमध्ये लहरी नळातल्या पाण्यासारख्या वाहतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसत आणि पाऊस सुरू झाला की बंद होत, ते याच कारणाने. पण हा नळ समुद्रालगत आणि कमी उंचीवर असतो. इंदूर किनाऱ्यापासून लांब आणि ५५० मीटर उंचीवर, म्हणून तो इथवर सहसा पोहोचत नाही.

तुमच्यासाठी दुसरी वाट आहे. मे ते जुलै या काळात सुमारे १०० किलोमीटर उंचीवर आयनांचे दाट ढग अचानक तयार होतात. त्यांना स्पोरॅडिक-ई म्हणतात. त्यांच्यावरून परावर्तित झालेले स्टेशन एका उडीत हजार ते बावीसशे किलोमीटरवरून येते. मस्कत इंदूरहून साधारण १,८०० किलोमीटर आहे, म्हणजे अगदी सोयीचे. हे दिवसा आणि संध्याकाळी घडते, पाच मिनिटे टिकते किंवा दोन तास. ढग दाट होत जातो तशी अधिकाधिक वरची फ्रिक्वेन्सी परतू लागते, म्हणून ८८ ते ९२ चा भाग राखून तिथेच लक्ष ठेवा. तिथे अनोळखी भाषा उमटली की मग वर सरका. यात अँटेनाच्या उंचीला फार महत्त्व नाही, मध्ये कापलेल्या एकाच दांडीचा साधा आडवा डायपोलही पुरतो.

अनोळखी स्टेशन ओळखायचे कसे? विविध भारती तर सगळीकडे एकच असते. (महू)

घड्याळाकडे पाहा. बातम्या आणि केंद्राचे नाव बहुधा तिथल्या पूर्ण तासाला येते. पाकिस्तान आपल्या अर्धा तास मागे, ओमान आणि दुबई दीड तास मागे, बांगलादेश अर्धा तास पुढे. म्हणजे आपल्या साडेला बातम्यांची धून वाजली तर या देशांपैकी कुणीतरी. नेपाळ पंधरा मिनिटे पुढे आहे, त्याचा तास आपल्या पाऊणला पडतो.

विविध भारतीच्या बाबतीत गाण्यांवर वेळ घालवू नका. स्थानिक जाहिराती, प्रादेशिक बातम्या आणि ‘आकाशवाणी का … केंद्र’ एवढेच कामाचे. जाहिरातीत दुकानाचा पत्ता असतो, तो बहुतेक वेळा निकाल लावतो. सेटवर आरडीएस, म्हणजे स्टेशनाचे नाव पडद्यावर दाखवण्याची सोय, असेल तर नावाच्या अक्षरांआधी येणारा चार आकडी-अक्षरी पीआय कोड, म्हणजे स्टेशनाचा ओळख-क्रमांक, टिपा. तो कमजोर सिग्नलवरही लवकर उमटतो.

नोंदीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, अँटेनाची दिशा आणि नेमके काय ऐकले ते लिहा. ‘बहुधा कराची’ असे लिहायला लाजू नका, पण ‘बहुधा’ खोडायचे ते पुरावा मिळाल्यावरच. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा; स्टेशनाचे नाव नेमके आपण केबल हलवत असतानाच येते.

शनिवार-रविवारी जमले तर सेट घेऊन जाम गेटला जा. विंध्याची कडा तिथे तुटते आणि दक्षिणेला निमाड खाली पसरलेला असतो, मागे पठाराची भिंत इंदूरचे टॉवर बरेचसे अडवते. तिथे दांडीच्या अँटेनावर जे लागते, ते महूत तीन दांड्यांवरही लागेलच असे नाही.

संध्याकाळी सात वाजले की पूर्ण बँडवर घुरघुर सुरू होते. (टिळक नगर, इंदूर)

सेलवर चालणारा रेडिओ घ्या आणि घराचा मेन स्विच बंद करा. घुरघुर गेली तर ती तुमच्याच घरातली. मग सगळे एमसीबी खाली करून मेन चालू करा आणि एकेक एमसीबी वर करत दोषी खोली गाठा. स्वस्त एलईडी बल्ब, टीव्हीचा अ‍ॅडॉप्टर आणि सौर इन्व्हर्टर हे नेहमीचे. मेन बंद करूनही राहिली तर ती शेजारची किंवा रस्त्यावरच्या दिव्याची, आणि मग अँटेना घरापासून शक्य तितका लांब नेणे एवढाच उपाय.

परवाना लागतो का? आणि पावसाळ्यात अँटेना उतरवावा का? (देवास)

ऐकायला परवाना लागत नाही, प्रसारण करायला लागतो. खांब मात्र विजेच्या तारांपासून इतका लांब हवा की तो आडवा पडला तरी तारेला शिवणार नाही. हे अंतर खांब उभा करण्यापूर्वी मोजा. गडगडाट ऐकू येण्याआधीच, ढग दाटून आले की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर ठेवा. खांबाला स्वतंत्र जाड तांब्याच्या तारेने अर्थिंग द्या, ते घराच्या अर्थिंगलाही जोडून घ्या. उतरवण्याची गरज नाही, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात ताण-तारा आणि क्लॅम्पचे नट एकदा पान्याने आवळून घ्या.