फॉरमॅट मारला, पण पासवर्डचं काय?

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे एकाच वाक्याने सुरू होतात : 'लॅपटॉप सारखा बंद पडतो, व्हायरस शिरलाय बहुतेक.' दुरुस्तीच्या टेबलावर बसून अठरा वर्षं हेच ऐकतोय. म्हणून त्यातले काही प्रश्न एकदम घेतो.

प्रश्न : लॅपटॉप सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत निळा पडदा येतो आणि तो आपोआप रिस्टार्ट होतो. भाचा म्हणतो व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. मारू द्यावा का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

भाच्याला थांबवा. ठरावीक वेळाने मान टाकणारा लॅपटॉप बऱ्याचदा नुसता तापलेला असतो. गेल्याच आठवड्यात असा एक उघडला, तर पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमदा बसलेला. नखाने उचलला तर सलग निघाला. गादीवर ठेवून वापरायचे, दुसरं काय. त्याखालोखाल संशयित म्हणजे रॅम आणि हार्ड डिस्क.

निळ्या पडद्यावर स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचा सांकेतिक शब्द, लिहिलेला असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. निळा पडदा म्हणजे व्हायरस, हे समीकरण कुणी काढलं देव जाणे. १९ जुलै २०२४ रोजी जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण व्हायरस नव्हतं, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचंच एक सदोष अपडेट होतं.

तरी शंका राहिलीच, तर आधी महत्त्वाच्या फायली बाहेर कॉपी करा आणि मग विंडोज सिक्युरिटीतलं 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. हे स्कॅन विंडोज सुरू होण्याआधी चालतं, त्यामुळे आत लपून बसलेल्याला दडायला जागा उरत नाही. मात्र डिस्कमधून कटकट आवाज येत असेल तर स्कॅनबिन काही नको. मशीन बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे न्या. मरणाऱ्या डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायला लावणं म्हणजे तिला लवकर मारणं.

प्रश्न : दोन अँटिव्हायरस टाकले तर दुप्पट संरक्षण मिळतं का?

नाही. ते एकमेकांशीच भांडतात. एक काढा.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला. घरी आल्यावर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले दिसतात. डबल क्लिक केलं की फोल्डर मात्र नीट उघडतं. मग काळजीचं कारण आहे का? (विद्यार्थिनी, लातूर)

आहे. नीट उघडतं, हीच त्यातली लबाडी. तो शॉर्टकट आधी व्हायरसची फाइल चालवतो आणि तुम्हाला संशय येऊ नये म्हणून मागोमाग फोल्डर उघडून दाखवतो. तुम्ही डबल क्लिक केलंत, म्हणजे आता पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप दोन्ही साफ करायचे. आधी दोन्हींचं पूर्ण स्कॅन करा. तुमच्या फायली बहुधा गेलेल्या नाहीत, फक्त लपवलेल्या आहेत. 'हिडन आयटम्स' चालू करूनही दिसल्या नाहीत, तर फोल्डर ऑप्शन्समधली 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवा' ही खूण काढा. फायली बाहेर घ्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. पुढच्या वेळी प्रिंटसाठी रिकामा पेनड्राइव्ह न्या, त्यात फक्त ती एक पीडीएफ असू द्या.

प्रश्न : मी लग्नाचे अल्बम करतो. फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर विकत न घेता क्रॅक करून टाकलं, तेव्हापासून लॅपटॉप क्रॅश व्हायला लागला. चार दिवसांनी इन्स्टाग्रामचं अकाउंट गेलं. दुकानात फॉरमॅट मारून घेतला, अकाउंटही परत मिळवलं, पासवर्ड बदलला. आठवड्यात पुन्हा गेलं. फॉरमॅट नीट झाला नाही का? (फोटोग्राफर, सातारा जिल्हा)

बसा. याचं उत्तर लांबणार आहे.

क्रॅकची ती झिप फाइल आठवा. तिला पासवर्ड होता ना? १२३४ किंवा असाच काहीतरी. तो तुमच्या सोयीसाठी नव्हता, अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून होता. सोबत सूचना असेल : 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' चोराने सांगायचं, वॉचमनला सुट्टी द्या, आणि आपण द्यायची! 'सगळेच वापरतात, कुणाला काही होत नाही' हे मला सांगू नका. ज्यांना होतं ते माझ्यासमोर येऊन बसतात.

आत जे असतं त्याला इन्फोस्टीलर म्हणतात. तो लॅपटॉप बिघडवायला येतच नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो, कुकीज उचलतो आणि पाठवून देतो. काम मिनिटांचं, आणि कित्येकदा मागे स्वतःलाही पुसून टाकतो. मग स्कॅन 'काही सापडलं नाही' म्हणतं आणि आपण निश्चिंत. यातल्या लुमा नावाच्या एकाच प्रकाराने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातली ३,९४,०००हून अधिक विंडोज मशीन गाठली होती, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं.

कुकी म्हणजे तुम्ही लॉगिन करून आत आलात याचा हातावरचा शिक्का. तो ज्याच्याकडे गेला त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. आता सांगा, लॅपटॉप फॉरमॅट करून बाहेर गेलेला शिक्का कसा पुसला जाणार?

आणखी एक विचारतो. फॉरमॅटआधीच्या बॅकअपमध्ये 'सॉफ्टवेअर' नावाचं फोल्डर होतं का? त्यातूनच तो क्रॅक परत टाकलात का? तसं असेल, तर नवा पासवर्डही तुम्ही स्वतःच नेऊन दिलात.

आता क्रम चुकवू नका. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच येतात. मेलमध्ये अनोळखी रिकव्हरी नंबर किंवा फॉरवर्डिंगचा पत्ता कुणी घुसवलाय का ते बघा. मग प्रत्येक खात्यात 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करा, टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खातरजमा मागणारी सोय) चालू करा. नेटबँकिंग त्या लॅपटॉपवर वापरलं असेल तर आजच बँकेशी बोला, सोमवारची वाट बघू नका. लॅपटॉप जाणकाराकडून पुन्हा कोरा करून घ्या आणि ते 'सॉफ्टवेअर' फोल्डर डोळे मिटून उडवा. विकत घेणं परवडत नसेल तर गिंप आणि डार्कटेबल फुकट आहेत, आणि पोटापाण्याचं काम त्यांच्यावर होतं.

प्रश्न : स्क्रीनभर लाल इशारा आला, सायरन वाजला आणि मायक्रोसॉफ्टचा म्हणून एक नंबर दिसला. फोन केला, त्यांनी सांगितलेलं अ‍ॅप टाकलं. पैसे गेलेले नाहीत. आता काय करू?

इंटरनेट तोडा, ते अ‍ॅप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. एक रुपया जरी गेल्याचं दिसलं तरी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पैसे गेले नाहीत म्हणून मशीन स्वच्छ आहे असं समजू नका, तपासून घ्या.

प्रश्न : सगळ्या फायलींच्या नावापुढे चार विचित्र अक्षरं लागली आहेत, उघडत नाहीत. ९८० डॉलर मागणारी चिठ्ठी आहे. एक दुकानदार पंचवीस हजारांत शंभर टक्के रिकव्हरी म्हणतो.

शंभर टक्के म्हणणाऱ्याच्या दुकानातून उठा. काही रिकव्हरीवाले गुन्हेगारांनाच पैसे देऊन वर आपलं कमिशन लावतात, हे परदेशात उघडकीला आलेलं आहे. वर्णनावरून हा स्टॉप-डीजेव्हीयू कुळातला रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, वाटतो, पण खात्री चिठ्ठी आणि एखादी फाइल पाहिल्यावरच. 'नो मोअर रॅन्सम' हा युरोपोल (युरोपियन संघाची पोलिस संस्था) आणि डच पोलिसांचा २०१६पासूनचा उपक्रम आहे, तिथे नमुना देऊन मोफत चावी आहे का ते बघता येतं. या कुळातल्या काही फायली सुटतात, सगळ्या नाही. आज सुटत नसतील तरी पुसू नका, वेगळ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. आणि पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार नोंदवा.

प्रश्न : विंडोज १० आहे. अँटिव्हायरस चालू आहे, पुरे ना?

त्याचा सर्वसाधारण सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुरे नाही. मशीन विंडोज ११ पेलेल का, ते दुकानात विचारा, आणि विचारायला जाण्याआधी फायलींचा बॅकअप घेऊन ठेवा.