नवनिर्वाचित पार्षदाला (नगरसेवकाला) विद्यापीठाच्या नगर अध्ययन केंद्रातील प्रशिक्षणाचा उपयोग होतो का?

होय, आपल्या इंदूरच्या पार्षद भगिनींनी ते अवश्य घ्यावे, मात्र त्यातून महापालिकेत आपले काम मंजूर करून घेण्याचा अधिकार मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. लखनऊ विद्यापीठात 1968 पासून आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातही अशी नगर अध्ययन केंद्रे आहेत. तेथे नगरपालिकांचे अधिकारी व लोकप्रतिनिधी यांना प्रशिक्षण देतात आणि करवसुली, पाणीपुरवठा, घनकचरा अशा विषयांवर संशोधनही होते. नगरपालिकेच्या लेखा विभागात नोकरी केल्यामुळे सांगतो, खरा लाभ अंदाजपत्रक वाचता येण्यात आहे: महसुली (रोजचा चालू) आणि भांडवली (टिकाऊ कामांवरचा) खर्च वेगळा ओळखणे, आणि मालमत्ता कराची मागणी व प्रत्यक्ष वसुली शेजारी ठेवून पाहणे, एवढे जमले तरी सभेतील प्रश्नाला वजन येते. (भाषणकलेचे तास चुकले तरी चालतील.) 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे 18 विषय असले, तरी त्यांपैकी काय सोपवायचे हे राज्याचा कायदा ठरवतो; म्हणून वर्गात शिकवलेले मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, 1956 शी ताडून घ्यावे, कारण विद्यापीठातील केंद्राच्या शिफारशी महापालिकेवर बंधनकारक नसतात.