परतीची तारीख होडीला सांगू नकोस

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला 14 दिवसांचा तक्ता मी काल रात्री दोनदा वाचला. शिडाच्या होडीने मस्केगॉनहून निघून मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्याने उत्तर टोकाच्या मॅकिनॉला जायचे, तसेच परत यायचे आणि पंधराव्या दिवशी आई-बाबांना घ्यायला शिकागोच्या विमानतळावर उभे राहायचे, असे तुझे गणित आहे. शेवटी तू विचारतेस की किनारा धरावा की सरोवर ओलांडून विस्कॉन्सिनची बाजू घ्यावी, आणि नांगर किती वजनाचा असावा. नांगराचे नंतर बघू. तक्त्यात एकही दिवस रिकामा नाही, हे हिशेबात इतक्या पक्क्या मुलीच्या नजरेतून सुटलेच कसे?

माझे मागणे एकच आहे. परतीची तारीख होडीला सांगू नकोस. 14 पैकी 7 दिवस शिडाचे धर आणि 7 वाऱ्याला देऊन टाक. 22 फुटी होडी ताशी सरासरी 4 सागरी मैल चालली तरी पुष्कळ झाले. म्हणजे सहा तासांत 24. व्हाइट लेक, पेंटवॉटर, लुडिंग्टन, मॅनिस्टी, फ्रँकफर्ट हे पाच टप्पे साधारण त्यात बसतात आणि तेवढे पुरेसे आहेत. किनारा धरण्याचे कारणही हेच आहे. 1947 मध्ये मिशिगन राज्याने जलमार्ग आयोग नेमला, आणि किनाऱ्याने मोजता कोणतीही होडी सुरक्षित बंदरापासून 15 मैलांहून दूर असू नये, हे त्याचे उद्दिष्ट राहिले. ही बंदरे थांबण्यासाठी बांधली आहेत, आणि तू त्यांच्यापुढे नुसत्या वेळा लिहिल्या आहेस.

उन्हाळ्यात तिथे बहुधा नैर्ऋत्येचा वारा असतो. सरोवर जवळजवळ 500 किलोमीटर लांब असल्यामुळे त्या वाऱ्याला लाटा उठवायला भरपूर मोकळे पाणी मिळते, आणि त्या लाटा आपल्या समुद्रासारख्या लांबट नसून आखूड व उभ्या असतात. एकीवरून होडी उतरते न उतरते तोच दुसरी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, आदळते. हवामानाच्या अंदाजात लाटा 4 फूट म्हटले की ती सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी समजायची. मधूनच एखादी जवळपास दुप्पट येते.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. एका ऑगस्टमध्ये आम्ही लुडिंग्टनला तीन दिवस अडकलो होतो आणि सोमवारी मला कामावर रुजू व्हायचे होते. रविवारी मी वाऱ्याविरुद्ध पेंटवॉटरकडे निघालो. तिथे शिरताना दोन्ही बाजूंच्या काँक्रीटच्या धक्क्यांवरून लाटा उलटून येत होत्या, होडी आडवी फिरली आणि तुझ्या काकूंचे मनगट मोडले. सोमवारी मी गेलो नाही, आणि कोणी विचारलेसुद्धा नाही. काकूंनी त्यानंतर होडीत पाऊल ठेवलेले नाही. मी पुन्हा कधी आग्रहही केला नाही. करायला हवा होता की नाही, हे अजून मला कळत नाही.

मालवणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात, पण पाणी निवळले नसेल तर तांडेल होडी लोटत नाही. पूजेची तिथी पंचांगात असते, निघण्याची नसते. हे बालपणापासून पाहिलेला माणूस सोमवारसाठी निघाला, म्हणून मी आता हट्टी झालो आहे. वीस वर्षांत मी एकदाही सरोवर ओलांडले नाही यावर आमच्या बंदरातले लोक हसतात. हसोत. मॅनिस्टीच्या धक्क्यावर मी पावसात चार-चार दिवस पत्ते खेळत काढले आहेत आणि त्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. तू मॅकिनॉ गाठलेस म्हणून मला तुझे अधिक कौतुक वाटेल अशी समजूत असेल, तर ती आजच काढून टाक.

तेव्हा परतीचा प्रवासच तक्त्यातून खोडून टाक. दिवस संपतील तेव्हा ज्या बंदरात असशील तिथून फोन कर. तुझी होडी ट्रेलरवर चढते, माझ्या गाडीला ती ओढवते, आणि आई-बाबांना शिकागोहून मी आधीच घरी आणलेले असेल. पिठलं-भात खाऊन ते एक दिवस तुझी वाट पाहतील, त्याने काही बिघडत नाही.

आता नांगर. 8 किलोचा घे, त्याला होडीच्या लांबीइतकी साखळी जोड, आणि पाण्याच्या खोलीच्या सातपट दोर सोडावा लागतो हे लक्षात ठेवून 60 मीटर दोर घे. दुकानदार कमी पुरेल म्हणेल. त्याचे ऐकू नकोस.

तुझा काका