पॅरिसचं नंतर बघू, आधी ही ‘एफडी’ बघू

साताऱ्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

“मी शाळेत शिक्षिका आहे, वय ४१. मिस्टर ४४ वर्षांचे, एमआयडीसीतल्या कंपनीत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख १५ हजार. मुलगा सातवीत. घराचं कर्ज २२ लाख बाकी, हप्ता २६ हजार. बचत खात्यात साडेतीन लाख. लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत दोघांनीच पॅरिस बघून यावं असं ठरतंय. परदेशवारी पहिलीच. टूर कंपनी आठ दिवसांत चार देश दाखवते, माणशी २ लाख ४० हजार, बारा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते. भाची म्हणते, स्वतः गेलात तर दोघांचं दोन लाखांत भागेल. हप्त्यांवर टूरबरोबर जावं की स्वतः जावं? व्हिसासाठी दीर महिनाभर दोन लाख खात्यात ठेवायला तयार आहेत. पैशांची तशी काळजी नाही. बँकेतल्या एफडीचा दीड लाखाचा तिसरा हप्ता ऑगस्टमध्ये भरला की पाचव्या वर्षी सहा लाख मिळणार आहेत. कागदाचा फोटो जोडलाय.”

ताई, एफडीला हप्ता नसतो. आरडीला असतो, पण तो महिन्याचा. वर्षातून एकदा दीड लाख मागणारी एफडी कुठल्याच बँकेत मिळत नाही.

तुम्ही फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. तो विमा पॉलिसीचा पहिला कागद आहे. त्यावर छापलंय: हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं, मुदतीअखेर सुमारे ३० लाख. ‘तीन वर्षं भरा, पाचव्या वर्षी काढा’ हे त्यावर कुठेही नाही. ते फक्त बँकेतल्या मॅडमच्या तोंडी होतं. तुमची जुनी एफडी संपली त्या दिवशी पैसे खात्यात दिसले, आणि शाखेचं महिन्याचं विमाविक्रीचं टार्गेट पुरं झालं. कंपनीकडून खातरजमेचा फोन आला असेल आणि “सगळ्याला हो म्हणा” असं तुम्हाला आधीच सांगितलं असेल. दर महिन्याला अशी दोन-तीन पत्रं येतात, त्यामुळे पुढचं मला पाठ झालंय.

तुम्ही का फसलात तेही कळतं. साडेचार लाख भरून पाचव्या वर्षी सहा लाख, याचा हिशेब साडेसात टक्क्यांच्या आसपास येतो. अगदी एफडीसारखा. कोणी दामदुप्पट सांगितलं असतं तर तुम्ही दारातूनच परत गेला असता.

आता खरा हिशेब. दहा वर्षांत १५ लाख भरायचे, विसाव्या वर्षी ३० लाख घ्यायचे. सरासरी धरली तर तुमचा प्रत्येक रुपया साडेपंधरा वर्षं अडकतो आणि दुप्पट होतो. पैसे दुप्पट होतात तेव्हा दर काढायची सोपी युक्ती म्हणजे ७२ ला वर्षांनी भागायचं. ७२ ला साडेपंधरानं भागा, साडेचार टक्क्यांच्या थोडं वर येतं. हेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून विसाव्या वर्षापर्यंत तसेच ठेवले, तर आजच्या ७.१ टक्के दरानं ४४ लाखांच्या आसपास होतात. दर बदलेल, मान्य. तरी १४ लाखांची दरी भरून निघण्याइतका खाली येईल असं मला वाटत नाही.

आणि विमा कोणाच्या आयुष्याचा? तुमच्या मुलाचा. बारा वर्षांच्या मुलाच्या कमाईवर घर चालत नाही, ताई. ज्यांच्या पगारावर २२ लाखांचं कर्ज उभं आहे, त्या मिस्टरांच्या स्वतःच्या विम्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. कंपनीचं सामूहिक संरक्षण असेलही, पण ते नोकरी आहे तोवरच. एक कोटीचा साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) त्यांच्या वयाला, तब्येत ठीक असेल आणि तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला ३० हजारांच्या आसपास पडेल. त्यातून शेवटी काहीही परत मिळत नाही. ‘हप्ते परत’ देणारा प्रकार कोणी पुढे केला तर घेऊ नका.

मग ऑगस्टच्या हप्त्याचं काय? भरू नका. बँकेतून आपोआप कापला जात असेल तर ती सूचना आधी बंद करा, नाहीतर आपण इथे बोलत बसू आणि पैसे तिकडे गेलेले असतील. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात पुढची कामं होतील.

पहिलं काम तक्रारीचं. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, पण ती मुदत केव्हाच गेली. तरीही एफडी म्हणून विकल्याची लेखी तक्रार विमा कंपनी आणि बँक दोघांकडे द्या आणि पूर्ण रक्कम परत मागा. मॅडमचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, त्यांनी कागदावर पेननं लिहून दिलेले आकडे, जुनी एफडी संपल्याची नोंद, जे असेल ते जोडा. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तीच तक्रार टाका. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. फक्त वर्षभराच्या आत जावं लागतं. पैसे मिळतीलच असं नाही, कारण प्रपोजल फॉर्मवर तुमची सही आहे. पण तोंडी बोलणं कागदावर सापडलं तर बाजू भक्कम होते. मॅडमचा फोन येईलच, “आता सोडलंत तर नुकसान” म्हणतील. त्यांना म्हणावं, पाचव्या वर्षी सहा लाख मिळतील हे बँकेच्या लेटरहेडवर लिहून शिक्का मारून द्या.

दुसरं काम, कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सोडली तर किती मिळतील (सरेंडर), आणि हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीअखेर किती मिळतील (पेड-अप). दोन हप्त्यांनंतर सरेंडरची हमी असलेली किमान रक्कम साधारण एक तृतीयांश असते, म्हणजे तुमच्या तीन लाखांतले एक लाख. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या योजनांना नियम बदलले आहेत, त्यात बरंच जास्त मिळू शकतं. पेड-अपमध्ये दहापैकी दोन हप्ते भरले म्हणून फार तर सहा लाख. म्हणजे मॅडमचे सहा लाख मिळतीलही, पण आणखी १८ वर्षांनी!

निवड कशी करायची? पेड-अपच्या आकड्याला साडेतीननं भागा. सात टक्क्यांनी १८ वर्षांत पैसे जवळपास तेवढे पट होतात. सरेंडरची रक्कम त्या उत्तराहून जास्त असेल तर पॉलिसी सोडून पैसे घ्या, कमी असेल तर पेड-अप ठेवून विसरून जा. भरलेल्या तीन लाखांवर रडत बसण्यापेक्षा न भरलेले बारा लाख वाचवा.

आता पॅरिस. टूर घेऊ नका. आठ दिवसांत चार देश म्हणजे पॅरिस जेमतेम दीड दिवस, त्यातला निम्मा बसच्या खिडकीतून. माणशी २ लाख ४० हजारांत जीएसटी आणि व्हिसा धरलाय का ते विचारा. टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएसही, म्हणजे विकणाऱ्यानं आगाऊ घेतलेला आयकर, कापतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण खिशातून आधी जातो. आणि बिनव्याजी हप्ते म्हणजे रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, एवढाच अर्थ. ४० हजारांचा टूरचा हप्ता, २६ हजार घराचा, पगार १ लाख १५ हजार. वर्षभर श्वास घ्यायला जागा राहणार नाही.

भाचीचे दोन लाखही विसरा. यूरो सोयीसाठी ११० रुपये धरू, कार्डाच्या शुल्कासकट. मुंबई-पॅरिस परतीचं विमान दोघांचं १ लाख ३० हजार. शेंगेन व्हिसाची (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) फी जून २०२४ पासून माणशी ९० यूरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं शुल्क: दोघांचे २५ हजार. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. ३० हजार यूरो संरक्षणाचा प्रवासी आरोग्य विमा लागतोच, त्याचे दोघांचे तीन हजार. साधं, स्वच्छ, छोट्या खोलीचं हॉटेल रात्रीला १४० यूरो, पाच रात्रींचे ७७ हजार. जेवण माणशी रोज ४० यूरो धरून सहा दिवसांचे ५३ हजार. बेकरी आणि सुपरमार्केटवर भागवलंत तर बरंच कमी. मेट्रो आणि विमानतळाची ये-जा १३ हजार. तिकिटं २७ हजार. सगळं मिळून ३ लाख ३० हजार. दहा टक्के वर ठेवा, ३ लाख ६० हजार.

तिकिटांना २७ हजार बघून दचकू नका. लूव्र संग्रहालयानं जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांना ३२ यूरो लावलेत, आयफेलच्या शेंड्यापर्यंत लिफ्टचे ३५ च्या वर. पण नोत्र-दामचं जुनं चर्च फुकट आहे. २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. मोंमार्त्रच्या टेकडीवरचं साक्रे-कर चर्च फुकट. पॅरिस शहराचा इतिहास मांडणारं कार्नावाले आणि कलेचं संग्रहालय पेती पाले, दोन्हींचे कायमचे संग्रह फुकट. रात्री दर तासाला आयफेल पाच मिनिटं लुकलुकतो, तो समोरच्या त्रोकादेरोच्या चौथऱ्यावरून बघायला पैसे पडत नाहीत. माझं मत विचाराल तर शेंड्यावर चढण्याचे पैसे वाचवून पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याला अख्खा दिवस द्या. मंगळवारी लूव्र बंद असतं आणि सोमवारी व्हर्साय, ते बघूनच विमानाच्या तारखा धरा.

दिरांचे दोन लाख नकोत. महिनाभरापूर्वी अचानक आलेली मोठी रक्कम व्हिसा अधिकाऱ्याला लगेच दिसते, आणि मग खुलासे देत बसावं लागतं. हॉटेलचं बुकिंग असेल तर फ्रान्स माणशी रोज ६५ यूरोंची सोय बघतं. दोघांचे सहा दिवस म्हणजे साधारण ८६ हजार. नियमित पगार दिसणारं तुमचं खातं त्याला पुरेसं आहे.

जायचं कधी? या दिवाळीला नाही, पुढच्या. बचत खात्यात पॉलिसीच्या हप्त्यासाठी ठेवलेले दीड लाख मोकळे झाले. त्यातून ३० हजार आधी मिस्टरांच्या मुदत विम्याला, उरले १ लाख २० हजार. महिन्याला १५ हजार बाजूला टाकलेत तर सोळा महिन्यांत २ लाख ४० हजार. झाले ३ लाख ६० हजार. खात्यातले बाकीचे दोन लाख अडीअडचणीचे, त्यांना हात नाही. खरं तर तेही कमी आहेत, म्हणून पॉलिसीतून जे काही परत येईल ते तिथेच टाका. सहलीचे पैसे आरडीत किंवा छोट्या एफडीत ठेवा. खऱ्या एफडीत, पावती वाचून. शेअर बाजारात सोळा महिन्यांसाठी नको.

तिकडे दुकानातलं यंत्र रुपयांत पैसे घेऊ का विचारेल, यूरोच निवडा. रुपयांत दर वाईट लावतात. फॉरेक्स कार्डात (परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड) दहा लाखांपर्यंत भरलेत तर टीसीएस लागत नाही. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

टूर कंपनीला काही भरलं नसेल तर भरू नका. बुकिंगची रक्कम दिली असेल तर रद्द केल्यावर किती परत मिळेल ते आजच लेखी मागवा. प्रवासाची तारीख जवळ येते तशी त्यांची कपात वाढत जाते.