प्रकाश टाकला की अणूंची क्वांटम अवस्था मोडतेच का?

तुम्ही विचारलंय, अतिथंड अणूंवर प्रकाश टाकला की अवस्था मोडणारच, मग ‘हळुवार मोजमाप’, म्हणजे अवस्था फारशी न बिघडवता मोजणं, ते कसलं?

अगदी हेच आमच्या दाजींनी मला रावेरला चुलत भावाच्या हळदीत चार पाहुण्यांसमोर ऐकवलं होतं. दाजी बारावीला फिजिक्स शिकवतात, मी तेव्हा शीत अणूंच्या लॅबमध्ये होतो. “पाहिलं की मोडलं, विषय संपला.” मी तोंड उघडलं तर म्हणे, “माले नको शिकाडू.” मांडवामागे केळीची बाग होती, तिथे नेलं त्यांना. व्यापारी घड दाबून बघतो का? नाही. फळाच्या धारा बुजल्या, केळं गोलसर झालं, की कापणी. दाजी हसले, “केळं म्हणजे अणू नव्हे.” आणि जिलबीकडे गेले.

तर अणूंचं. रुबिडियमवर बरोबर 780 नॅनोमीटरचा लेसर सोडला की अणू फोटॉन गिळतात आणि कॅमेऱ्यात अणूंच्या ढगाची काळी सावली येते. पण एका फोटॉनचा धक्का तापमानात मोजला तर सुमारे 360 नॅनोकेल्विन (केल्विनचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोकेल्विन), आणि ढग असतो शंभरेक नॅनोकेल्विनचा. फोटो मिळाला, ढग गेला. दाजींना एवढंच माहीत आहे.

आता लेसरची तरंगलांबी त्या 780 पासून, म्हणजे अणू गिळतात त्या रेषेपासून, बाजूला सरकवा. शोषण या अंतराच्या वर्गाने घटतं, पण ढगातून जाताना प्रकाशाची फेज (लाट किती पुढेमागे आहे ते) सरकते ती नुसत्या अंतराच्या प्रमाणात घटते. म्हणजे गिळणं जवळपास थांबतं, माहिती मात्र येत राहते. 1996 मध्ये एमआयटीत भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग केटर्ले यांच्या गटाने याच वाटेने एकाच कंडेन्सेटचे (बहुतेक अणू एकाच क्वांटम अवस्थेत असलेल्या अतिथंड ढगाचे) लागोपाठ फोटो काढले. स्पिन, म्हणजे अणूचा चुंबकासारखा अंगभूत गुण, हवा असेल तर प्रकाशाचं ध्रुवीकरण (लाट डोलते ती दिशा) किती फिरलं ते बघा, त्याला फॅरडे परिणाम म्हणतात. हे दाजींना तेव्हाही सांगितलं होतं.

‘मोजलं की मोडलं’ हे अर्धवट पाठांतर आहे. कोणी तोंडावर फेकलं तर आधी विचारा, काय मोजलं आणि किती फोटॉन लागले?

हां, फुकट काहीच नाही. प्रकाशाच्या दिशेचा स्पिन मोजाल तर आडव्या दिशेच्या स्पिनमधली अनिश्चितता वाढते, ती चुकत नाही. थोडे फोटॉन विखुरतातही, आणि फोटॉन कमी केले तर चित्रात गोंगाट वाढतो. पण म्हणून दाजी बरोबर ठरत नाहीत.